एका बोटीची चार नावे

आदिलाबादहून भीमपूरला निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची शेते लागतात. पुढे पैनगंगा आणि पैनगंगेच्या पलीकडे आपला यवतमाळ जिल्हा. गाव तेलंगणात असले तरी पारावर मराठी कानांवर पडते, तेलुगू पडते आणि गोंडीही पडते. समुद्र मात्र तेथून शेकडो मैल दूर. अशा गावी मला एका आगबोटीचा नाद लागावा, याचे माझे मलाच नवल वाटते.

माझा एक जुना विद्यार्थी भीमपूरचा. कोल्हापुरात शिकायला होता तेव्हा माझ्याकडे पेटी शिकला. गावच्या भजनी मंडळाची पेटी फार जुनी, ती एकदा येऊन पाहावी, असे तो किती दिवस म्हणत होता. मंडळातल्या तरुणांना विजेवर वाजणारा नवा बाजा घ्यायचा होता, वडीलधाऱ्यांना जुनी पेटी सोडवत नव्हती, आणि दोन्ही पक्षांनी निवाडा माझ्यावर सोपवला होता. गेल्या श्रावणात मी गेलो.

पेटी उघडली आणि माझे मन चटकन वडिलांकडे गेले. वडील दरबारी पेटीवादक. संस्थान विलीन झाल्यावरही सणावारी राजवाड्यात त्यांची हजेरी लागे. ते सूर कानाने ओळखायचेच, पण बोटाच्या नखानेही ओळखायचे. पितळेच्या पट्टीवर नख हलकेच मारून ‘हा जर्मन’, ‘हा पॅरिसचा’ असे सांगत. भीमपूरच्या पेटीतले सूर जर्मन होते, पहिल्या महायुद्धाच्या आधीचे असावेत असे. भाता फाटका, लाकडाला वाळवी चाटून गेलेली, पण सूर शंभर वर्षांनंतरही ठणठणीत. एकच सूर मुका होता. मधल्या सप्तकातल्या त्या सुराची जीभ मुळाशी तुटली होती.

‘किती वर्षे झाली याला?’ मी विचारले. कोणालाच नक्की सांगता येईना. संध्याकाळी हरिपाठाला बसलो तेव्हा लक्षात आले की वाजवणाऱ्याचे बोट त्या पट्टीवरून अलगद उडी मारून जात होते. आणि नुसते बोटच नव्हे, गाणारेही ती जागा चुकवून जात होते. चाल ओळखीची, पण तिने त्या मुक्या सुराला वळसा घालायची सवय लावून घेतली होती. एका सुराने एका गावाची चाल बदलली होती!

माझ्याकडे घरी वडिलांची पितळी डबी आहे. फडक्यात गुंडाळलेले सुटे सूर तिच्यात आहेत. ‘त्यातला एखादा बसतो का पाहू. मी पुन्हा येईन,’ असे मी सांगितले. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याचे आजोबा, जे इतका वेळ भिंतीला टेकून गप्प बसले होते, म्हणाले, ‘मास्तर, सूर जर्मनचे म्हणता. मंग ते इथवर आले कसे?’

‘बोटीने,’ मी म्हणालो.

‘कोणत्या बोटीनं?’

पंचवीस वर्षे शिकवतो आहे, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मलाही कधी पडला नव्हता.

घरी आलो आणि पुस्तके धुंडाळू लागलो. १९१४ पूर्वी जर्मनीचा हिंदुस्थानशी मोठा व्यापार होता. आपला कापूस ते भरपूर नेत. तो मुंबईला पोचावा म्हणून केवढी यातायात! १९०३ साली यवतमाळहून मूर्तिजापूरला अरुंद रुळांची गाडी सुरू झाली तीही कापसासाठीच. या व्यापारात ब्रेमेन शहरातली हान्सा कंपनी अग्रेसर होती. तिच्या बोटींना नावे देण्याची एक रीत होती : नावाच्या शेवटी ‘फेल्स’ यायचे. फेल्स म्हणजे खडक. बोट बुडते ती खडकावर, आणि यांच्या बोटींची नावेच खडकांची! दर्यावर्दी माणसांचा विनोद असाच असतो की काय कोण जाणे.

याच कंपनीची एक बोट होती ‘राबेनफेल्स’, म्हणजे डोमकावळ्याचा खडक. १९०३ साली इंग्लंडात टाइन नदीवरच्या वॉल्सेंड येथे स्वॉन हंटरच्या गोदीत ती बांधली. साधी मालवाहू बोट, सुमारे ४,७०० टनांची, ताशी दहा-एक सागरी मैल चालणारी. भीमपूरचे सूर हिच्याच पोटातून आले असा माझा दावा नाही. पण आजोबांच्या प्रश्नाचा माग काढताना ती भेटली, आणि पुढे तिने जे पाहिले ते वाचून मी तिच्याजवळच थांबलो.

ऑगस्ट १९१४ मध्ये लढाई पेटली तेव्हा ही बोट सुएझ कालव्याच्या तोंडाशी पोर्ट सैदला अडकली, आणि इंग्रजांच्या हाती पडली. तुर्कस्तान लढाईत उतरल्यावर कालव्यावर हल्ला होणार हे दिसू लागले. वाळवंटात शत्रू कोठे जमतो आहे हे पाहायला डोळे हवे होते. फ्रेंच आरमाराची काही पाण्यावरून उडणारी निउपोर्ट विमाने इजिप्तमध्ये होती. ती वाहून नेण्याचे काम ‘राबेनफेल्स’ला आणि ‘आने रिकमेर्स’ नावाच्या दुसऱ्या धरलेल्या जर्मन बोटीला मिळाले. वैमानिक फ्रेंच, टेहळणी करणारे अधिकारी इंग्रज, आणि बोट जर्मन. अशी मैफल जमली की कोणाचा षड्ज धरायचा हाच प्रश्न! पण ती जमली खरी.

आज विमानवाहू बोट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ‘विक्रांत’चे लांबरुंद पटांगण येते. येथे तसले काही नव्हते. विमाने उघड्या डेकवर, कापडी आडोशाखाली उभी असत. उडायची वेळ झाली की बोट थांबवायची. माल चढवण्या-उतरवण्याच्या यारीनेच विमान उचलायचे, बाहेर झुलवायचे आणि पाण्यावर ठेवायचे. विमानाला चाकांऐवजी लांब तराफे. समुद्र शांत असेल तर ते पाणी कापत जाऊन उठे. लाट जरा मोठी असली की तराफा फुटला म्हणून समजा. परत आल्यावर बोटीच्या कडेला यायचे, आकडा अडकवायचा, पुन्हा यारीने वर. एवढा वेळ बोट एका जागी उभी, म्हणजे शत्रूच्या पाणबुडीला आयतेच निशाण.

त्यात ही निउपोर्ट विमाने ऐंशी अश्वशक्तीची. आजची एखादी लहान मोटार याहून जोरकस असते. अशा विमानांतून ही माणसे समुद्र सोडून थेट वाळवंटावर, बीर शेबापर्यंत जाऊन येत. खाली पाणी नाही आणि विमानाला चाके नाहीत! इंजिन बंद पडले तर उतरायचे कोठे? त्यांनी आणलेल्या बातम्यांचा उपयोग मात्र झाला. फेब्रुवारी १९१५ च्या आरंभी तुर्कांनी कालव्यावर चाल केली तेव्हा संरक्षणाला उभ्या असलेल्या फौजेत बहुतेक हिंदी पलटणी होत्या, त्यांत संस्थानी फौजाही होत्या. ग्वाल्हेरचे पायदळही तेथे होते. हल्ला परतवला गेला.

१९१५ च्या मध्यावर बोट रीतसर ब्रिटिश आरमारात दाखल झाली आणि तिचे नाव झाले ‘रेव्हन दुसरी’. रेव्हन म्हणजेही डोमकावळाच. खडक गेला, पक्षी राहिला. पुढची दोन वर्षे तिने भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा आणि तांबडा समुद्र पिंजून काढला. फ्रेंच विमानांच्या जागी इंग्रजांची शॉर्ट बनावटीची, पंख मिटून ठेवता येणारी मोठी विमाने आली. मे १९१६ पासून या ताफ्याचा प्रमुख होता सॅमसन नावाचा धाडसी वैमानिक अधिकारी. सप्टेंबर १९१६ मध्ये पोर्ट सैदच्या बंदरात उभी असताना शत्रूच्या विमानाने हिच्यावरच बाँब टाकला. त्याच डिसेंबरात अदानाजवळच्या चिकलदेरे येथील रेल्वेपुलावर हल्ला करायला ‘बेन-मी-क्री’ या जोडीदारणीबरोबर ती गेली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१७ त, ती जोडीदारीण कास्तेलोरिझोच्या बंदरात तुर्की तोफांनी बुडवली.

आता जो भाग सांगायचा आहे त्याचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे.

जर्मनांनी एक मालवाहू बोट गुपचूप सजवली. तोफा झाकलेल्या, बाहेरून साधी व्यापारी बोट वाटावी असे सोंग, पोटात साडेचारशेहून अधिक पाणसुरुंग, आणि डेकवर पाण्यावरून उडणारे एक छोटे विमान. बोटीचे नाव ‘वोल्फ’, म्हणजे लांडगा. विमानाचे नाव ‘व्योल्फशेन’, म्हणजे लांडग्याचे पिल्लू. नेर्गर नावाचा कप्तान ३० नोव्हेंबर १९१६ रोजी कीलहून तिला घेऊन निघाला. आफ्रिकेच्या टोकाशी सुरुंग पेरले, मग कोलंबोपुढे, आणि फेब्रुवारी १९१७ त आपल्या मुंबईपुढे. कोणाला पत्ता लागला नाही. ‘एमडेन’ने २२ सप्टेंबर १९१४ रोजी मद्रासवर तोफा डागल्या तेव्हा सगळ्या देशाला ऐकू आल्या होत्या. लांडगा आवाज न करता आला आणि गेला.

लढाईपूर्वी या लांडग्याचे नाव काय होते, तर ‘वाख्टफेल्स’, म्हणजे पहाऱ्याचा खडक. हीही हान्सा कंपनीचीच बोट! मुंबई सोडल्यावर आठ-दहा दिवसांत लांडग्याने ‘टरिटेला’ नावाची इंग्रजांची तेलवाहू बोट पकडली. ती तरी कोण? लढाईच्या आरंभी इंग्रजांनी धरलेली ‘गुटेनफेल्स’, पुन्हा हान्साची. नेर्गरने तिच्यावर आपली माणसे आणि सुरुंग चढवले आणि तिला एडनला पाठवले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात इंग्रजांची गलबत तिच्यामागे लागताच जर्मनांनी ती स्वतःच बुडवली. तेव्हा कोठे इंग्रजांना कळले की हिंदी महासागरात लांडगा शिरला आहे.

मग त्याचा शोध घ्यायला कोण निघाले? ‘रेव्हन दुसरी’. बरोबर ‘पोथ्युओ’ ही फ्रेंच लढाऊ बोट, आणि शोधाचा प्रमुख स्वतः सॅमसन. एकाच पेढीच्या दोन बोटी, दोघींच्या डेकवर विमाने, दोघींनी नावे बदललेली. एक पळणारी आणि एक शोधणारी. नाटकात असे घातले तर प्रेक्षक म्हणतील, लेखकाने फारच जुळवून आणले. पण हे घडले आहे.

मार्च १९१७ त ‘रेव्हन’ पोर्ट सैदहून निघाली. एडन झाले. लक्षद्वीप झाले, कोलंबो झाले, मालदीवची बेटे झाली, दक्षिणेकडची चागोस बेटेही झाली. एखाद्या कंकणाकृती प्रवाळबेटाच्या आत, शांत पाण्यात, लांडगा दडून कोळसा भरत असेल ही अटकळ. म्हणून विमान पाण्यावर सोडायचे, बेटामागून बेट पाहून यायचे, पुन्हा वर घ्यायचे. मालदीवची बेटे शेकड्यांनी मोजावी लागतात, आणि वरून सगळी सारखीच दिसतात. उष्ण हवेत विमाने नीट उचलत नसत. एकदा एक विमान परतलेच नाही. त्यातले दोघे वाट चुकून एका निर्जन जागी पाण्यावर उतरले होते. कित्येक दिवस त्यांनी उपाशीतापाशी काढले. शेवटी मालदीवच्या बेटकऱ्यांना ते दिसले आणि त्यांनी त्यांना वाचवले. या सगळ्या शोधात हाती लागले ते एवढेच : आपलीच हरवलेली दोन माणसे.

लांडगा तेथे नव्हताच. मार्चअखेर तो ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्येला ‘डी’ नावाचे शिडाचे जहाज पकडत होता. तीन महिने बेटे धुंडाळून ‘रेव्हन’ जूनमध्ये इजिप्तला परतली, आणि त्याच जूनमध्ये मुंबईपुढे चार महिने पाण्यात दबा धरून बसलेले सुरुंग फुटू लागले. ‘सिटी ऑफ एक्झेटर’ला धक्का बसला, ती कशीबशी बंदराला लागली. ‘क्रॉक्स्टेथ हॉल’ बुडाली. २३ जून रोजी पी. अँड ओ. कंपनीची टपालबोट ‘मंगोलिया’ मुंबईच्या दक्षिणेला सुमारे पन्नास मैलांवर, म्हणजे आपल्या कोकणासमोरच, सुरुंगावर आपटली आणि पाव तासाच्या आत तळाला गेली. २३ माणसे दगावली, त्यांत हिंदी खलाशीही होते. ‘मंगोलिया’ही १९०३ सालचीच, ‘राबेनफेल्स’ची समवयस्क. जुलैत ‘ओखला’ गेली.

खलाशांचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुंबईला मशीद बंदराजवळ हिंदी खलाशांचे एक वसतिगृह आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या आणि ज्यांना थडगे मिळाले नाही अशा दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तेथे आहे. मुंबईत मैफलींना जाणारे आपण लोक गेटवे पाहतो, म्युझियम पाहतो. तेथे कोणी जात नाही. मीही परवापरवापर्यंत गेलो नव्हतो.

आणखी एक गोष्ट वाचून तर मी पुस्तक मिटून बसलो. त्याच वर्षी सप्टेंबरात लांडगा खरोखरच मालदीवला आला. तेथे त्याने ‘हिताची मारू’ ही जपानी बोट पकडली. ‘रेव्हन’च्या विमानांनी एप्रिलमध्ये पाहिलेल्या त्याच बेटमालिकेत! शोधणारी बोट योग्य जागी गेली होती, फक्त पाच महिने आधी गेली होती. लांडगा कोणालाही न सापडता २४ फेब्रुवारी १९१८ रोजी कीलला परत पोचला. ४५१ दिवस कोणत्याही बंदराला न लागता. त्याची कीर्ती झाली, त्याच्यावर पुस्तके झाली. आणि ‘रेव्हन’? १९१७ संपायच्या आत तिच्यावरून विमाने उतरवली गेली आणि तिला कोळसा वाहायला लावले. नाव पुन्हा बदलले : ‘रेव्हनरॉक’. हे नाव ज्याने दिले त्याला मला भेटायला आवडले असते, कारण ‘राबेनफेल्स’चे ते शब्दशः इंग्रजी आहे. गेलेला खडक परत आला. १९२३ साली जपानी मालकांनी तिला विकत घेतले आणि ती ‘हेइएई मारू’ झाली. १९३८ साली ती मोडीत निघाली. पस्तीस वर्षे, चार नावे, व्यापार आणि एक लढाई.

माझे वडील साथीचे वादक होते. चाळीस वर्षे त्यांनी गवयांच्या मागे पेटी धरली. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचे नाव क्वचितच छापले गेले. एका रात्री, बैठक अगदी पडली होती त्या रात्री, घरी येताना मी विचारले की तुम्ही एवढे काय शोधत होता पेटीवर? ते म्हणाले, ‘बुवांचा हरवलेला सूर. सापडला नाही.’ आणि लगेच पान लावायला बसले. ‘रेव्हन’ची हकीकत वाचताना मला हे का आठवले ते सांगता येणार नाही, पण आठवले खरे.

दिवाळीनंतर मी डबी घेऊन पुन्हा भीमपूरला गेलो. ओसरीवर पेटी उघडून बसलो. भोवती मंडळ जमले. एकीकडे सूर लावून पाहत होतो, एकीकडे बोटीची गोष्ट सांगत होतो. विमानांचे ऐकून एका वडीलधाऱ्याने आठवण करून दिली की विमाने आमच्या निजामानेही दिली होती. खरेच आहे. निजामांच्या पैशांतून उभी राहिलेली ११० क्रमांकाची वैमानिक तुकडी १९१८ साली फ्रान्समध्ये लढली, आणि तिच्या नावात हैदराबाद होते. आदिलाबाद तेव्हा निजामाच्याच राज्यात. म्हणजे या गावाच्या शेतसाऱ्याचे चार पैसेही कदाचित आकाशात उडून आले असतील, यावर सगळे हसले.

आजोबा हसले नाहीत. त्यांचे लक्ष बोटीत होते.

‘मंग ती दुसरी बोट सापडली का नाही?’

‘नाही.’

‘आन सुरुंग?’

‘ते आधीच पेरून झाले होते.’

‘म्हंजे चोर जाऊन बसला, आन हा रान राखत फिरला.’ थोडा वेळ थांबून ते म्हणाले, ‘पर रान तर राखाच लागते.’

डबीतला तिसरा सूर त्या जागेत बसला. तो किंचित चढा होता. कानशीने मुळाशी दोनदा हलकेच घासून उतरवला, भाता भरला, शेजारच्या सुरांशी ताडून पाहिला. शंभर वर्षांच्या शेजाऱ्यांत मिसळायला त्याला फारसा वेळ लागला नाही. वडिलांच्या गुरूंकडून आलेला तो सूर. कोणत्या पेटीतून काढलेला, कोणत्या बोटीने आलेला, सांगणारे आता कोणी उरले नाही. तरुण मंडळींना मी सांगितले की नवा बाजा घ्यायचा तर खुशाल घ्या, पण ही पेटी विकू नका. भात्याला नवे कातडे आणि लाकडाला औषध एवढेच करा. निवाडा दोन्ही पक्षांना थोडा थोडा नापसंत पडला.

संध्याकाळी हरिपाठ झाला. मी मुद्दाम मागे बसलो. पेटी पुरी वाजत होती, तो मुका सूर आता बोलत होता. वाजवणाऱ्याचे बोट मात्र त्या पट्टीशी आले की अजूनही उडी मारून पुढे जात होते, आणि सगळे गाव त्याच्यामागून नेहमीचा वळसा घालून गात होते.